पोटातल्या बाळाची हालचाल मोजायची कशी
पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला १६ व्या आठवड्यातही. सुरुवातीला ती पोटात गॅस फिरल्यासारखीच वाटते. वार (प्लॅसेंटा) पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशीर.

मोजायचं २८ आठवड्यांनंतर. जेवण झालं की डाव्या कुशीवर पडा, मोबाईल बाजूला ठेवा. लाथ, ढुशी, कूस बदलणं, एकेक धरा. उचकी धरू नका, ती एका लयीत टकटक करते. दोन तासांत १० भरायला हव्यात, बहुतेकदा बऱ्याच आधी भरतात. बाळ २० ते ४० मिनिटं झोपतंही.

नागपुरी मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पाणी कमी पडलं की पोट कडक येतं. दिवसभर पाणी, ताक घेत राहा. १० भरल्या नाहीत किंवा हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी १०२ ला फोन करा, नागपुरातलं डागा स्त्री रुग्णालय किंवा मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) गाठा. ‘नववा लागला, जागा कमी म्हणून शांत झालं’ हे घरच्यांचं बोलणं ऐकू नका. लाथेऐवजी सरकणं जाणवेल, पण हालचाल कमी होत नाही.