४८ तासांच्या स्लाइडवर मेंदू दोनदा का दिसतो

कॉर्डेट (पाठीत निदान भ्रूणावस्थेत नोटोकॉर्ड नावाचा आधारदंड असलेल्या) प्राण्यांचं भ्रूणविज्ञान करताना मुलं अडकतात ती ब्लास्टुला-गॅस्ट्रुला या सुरुवातीच्या अवस्थांना नाही. ते पाठ होतं. अडकतात ४८ तास उबवलेल्या चिक एम्ब्रियोच्या (कोंबडीच्या भ्रूणाच्या) आडव्या सेक्शनला, म्हणजे कापाला. तिथे गोंधळ उडाला म्हणून स्वतःला ढ समजू नका, ती स्लाइड खरोखरच फसवी आहे.

३३ तासांपर्यंत भ्रूण योकवर (पिवळ्या बलकावर) सरळ, पालथा पडलेला असतो. आडवा काप घेतला की एका सेक्शनमध्ये एकच न्यूरल ट्यूब (मेंदू आणि मज्जारज्जू बनवणारी नळी) दिसते. साधारण ३८ तासांपासून दोन हालचाली बरोबरच सुरू होतात. डोकं पोटाकडे वाकतं आणि पीळ पडून त्याची डावी बाजू योकवर टेकते. ४८ तासांना डोकं कुशीवर, तर धड बरंचसं पालथंच असतं. या वाकण्यामुळे मध्यमेंदू सगळ्यात पुढे येतो. म्हणून डोक्याकडून सुरुवात केली तर आधी मध्यमेंदू लागतो, मग तो लांबट होतो, मध्ये आवळतो आणि पुढच्या सेक्शनमध्ये दोन वेगळ्या पोकळ्या दिसू लागतात. तर्जनी आकड्यासारखी वाकवून मधल्या पेरापासून काप घेतल्याची कल्पना करा: आधी एक तुकडा, नंतर प्रत्येक कापात दोन.

या दोन्ही पोकळ्या मेंदूच्याच. एक पश्चमेंदूची, तिचं छत पातळ आणि दोन्ही अंगांना कर्णपुटिका (होऊ घातलेले आंतरकर्ण). दुसरी अग्रमेंदूची, तिच्या बाजूला नेत्रपेला (होऊ घातलेला डोळा) आणि भिंग. घाईत दुसरीला ‘फॅरिंक्स’ (घसा) असं लेबल लागतं आणि मग खालची सगळी लेबलं एकेक घर सरकतात. व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, नेमकं तिथेच बोट ठेवतात.

उपाय: स्लाइड लावली की आधी नोटोकॉर्ड शोधा. न्यूरल ट्यूबच्या लगेच खाली असलेला छोटा, गोल, स्पष्ट कडेचा ठिपका. ज्या नळीच्या पोटाखाली तो आहे ती पश्चमेंदूची. अग्रमेंदूखाली तो नसतोच, कारण नोटोकॉर्डचं पुढचं टोक इन्फंडिब्युलमच्या (अग्रमेंदूच्या तळाच्या फुगवट्याच्या) मागेच थांबतं. मात्र वळणाजवळच्या सेक्शनमध्ये तो दोन्ही पोकळ्यांच्या मधे दिसतो. तिथे ठिपक्यावर विसंबू नका, कर्णपुटिका आणि भिंग पाहून ठरवा. पुढची पायरीही चुकवू नका: होल माउंटच्या (न कापलेल्या अख्ख्या भ्रूणाच्या) चित्रावर पट्टी ठेवून तो सेक्शन कुठून गेला ती रेघ ओढा. रेघ ओढता आली नाही तर सेक्शन अजून समजलेला नाही.

हाच ठिपका उत्क्रांतीच्या प्रकरणातही कामाला येतो. ॲसिडियनच्या (ट्युनिकेट गटातल्या समुद्री प्राण्याच्या) अळीत नोटोकॉर्ड फक्त शेपटीत, ॲम्फिऑक्सस या कणा नसलेल्या छोट्या समुद्री प्राण्यामध्ये थेट तुंडाच्या टोकापर्यंत, आणि पृष्ठवंशीयांत अग्रमेंदूच्या अलीकडे संपलेला. १९८३ मध्ये गॅन्स आणि नॉर्थकट या जीवशास्त्रज्ञांनी पृष्ठवंशीयांच्या डोक्याचा बराचसा भाग नव्याने आलेला आहे आणि त्यात न्यूरल क्रेस्टचा (न्यूरल ट्यूबच्या कडेने निघणाऱ्या पेशींचा) मोठा वाटा आहे, असं मांडलं ते याच पुढच्या भागाबद्दल. पाठांतरात निसटणारा एक मुद्दा: ॲम्फिऑक्सस दिसायला माशासारखा असला तरी २००६ च्या जनुकीय अभ्यासापासून ट्युनिकेटच पृष्ठवंशीयांचे जवळचे नातेवाईक मानले जातात. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या जुन्या झेरॉक्स नोट्समध्ये नात्यांचं उलटं झाड असेल तर ते खोडा.

आता स्लाइड स्वतः बनवायची तर अंडी. किराणा दुकानातली अंडी सहसा फलित नसतात, कारण लेयर फार्मवर कोंबडा नसतो. हॅचरीतून आणा किंवा सिन्नर-दिंडोरीकडे कोंबडा असलेल्या घरची गावरान घ्या. साधारण २१ अंशांच्या वर भ्रूण अर्धवट वाढू लागतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या खोलीत पडून राहिलेलं अंडं ‘० तासां’चं धरता येत नाही. आणली की लगेच आडवी ठेवून ३७.५ ते ३८ अंशांवर लावा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करा. थंड अंडं गरम व्हायलाच काही तास जातात. म्हणून वय तासांत नाही, सोमाइट (न्यूरल ट्यूबच्या दोन्ही बाजूंच्या जोडीजोडीच्या गाठी) मोजून लिहा. हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या चिक भ्रूणाच्या अवस्थांच्या १९५१ च्या क्रमात ४ जोड्या म्हणजे स्टेज ८, १० म्हणजे १०, १६ म्हणजे १२, २२ म्हणजे १४. अंड्याचं बोथट टोक डाव्या हाताला धरलं तर बहुतेक वेळा भ्रूणाचं डोकं तुमच्यापासून लांब असतं.

भ्रूण काढताना ०.९ टक्के सलाइन कोमट हवं, गार चालत नाही. फिल्टर पेपरची रिंग ब्लास्टोडर्मवर (भ्रूणाभोवतीच्या पेशींच्या चकतीवर) टेकवा, बाहेरून कात्रीने गोल कापा, रिंगसकट उचला. रिंग नसेल तर भ्रूण गुंडाळला जातो आणि मग उलगडत नाही. भ्रूण टिकवायच्या बुआँ द्रावणाचं प्रमाण संपृक्त पिक्रिक आम्ल ७५, फॉर्मलिन २५, ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ५ मिली. पिक्रिक आम्ल सुकलं की स्फोटक होतं, बाटलीच्या झाकणाशी खडे दिसले तर हात लावू नका, प्रयोगशाळेतल्या जबाबदार माणसाला बोलवा.

व्हिडिओ वाईट नाहीत, पण त्यात कुणीतरी आधीच योग्य सेक्शन निवडून ठेवलेला असतो. मार्गदर्शक निवडायचा झाला तर पीपीटी देणाऱ्यापेक्षा स्लाइडची अख्खी मालिका क्रमाने बघायला लावणारा बरा. मायक्रोस्कोपला एकटं बसायला वेळ मिळत नसेल तर लॅब असिस्टंटना विचारा. स्लाइड बॉक्समध्ये कुठला सेट पूर्ण आहे, कुठल्याच्या मधल्या दोन स्लाइड फुटल्या आहेत, हे बहुधा त्यांनाच माहीत असतं.