वाकड्या पाइपातला गरम हेलियम: हिशोब कसा मांडायचा

चीनच्या एचटीआर-पीएम या हेलियमने थंड होणाऱ्या अणुरिॲक्टरमधून हेलियम साधारण ७५० अंश सेल्सिअसला आणि ७० बार प्रेशरला बाहेर पडतो, तोच धरून चालू.

आधी घनता काढा, आणि टेंपरेचर केल्व्हिनमध्येच घ्या हां, इथेच सगळे चुकतात. घनता म्हणजे प्रेशर भागिले (हेलियमचा गॅस स्थिरांक गुणिले टेंपरेचर): ७०,००,००० पास्कल भागिले (२०७७ गुणिले १०२३ केल्व्हिन), म्हणजे ३.३ किलो प्रति घनमीटर. एवढं प्रेशर असूनही इतका हलका! वेग समजा ५० मीटर प्रति सेकंद घेतला, तर आवाजाचा वेग या गॅसमध्ये १८८० च्या आसपास, म्हणजे आपला वेग त्यापुढे अगदीच कमी, त्यामुळे बेंडमध्ये (पाइपाच्या वळणात) घनता बदलत नाही असं बिनधास्त धरा.

आता खरी मजा. चहा ढवळून थांबा, पत्ती कपाच्या तळाशी मधोमध गोळा होते ना? बेंडमध्येही तेच, मधला वेगवान गॅस बाहेरच्या भिंतीकडे जातो, भिंतीलगतचा मंद गॅस प्रेशरमुळे आतल्या बाजूला सरकतो आणि दोन उलटसुलट भोवरे तयार होतात, त्यांना डीन भोवरे म्हणतात.

बाहेरच्या-आतल्या भिंतीतला प्रेशरचा फरक: घनता × वेगाचा वर्ग × व्यास ÷ बेंडची त्रिज्या. त्रिज्या व्यासाच्या दीडपट असेल तर जवळपास ५.५ किलोपास्कल.

सीएफडी (कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित) करताना खळबळत्या प्रवाहासाठीच्या साध्या के-एप्सिलॉन मॉडेलवर विसंबू नका, वक्र प्रवाहात ते कच्चं पडतं, त्याच कामाचं जास्त तपशिलातलं रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेल लावून बघाच. आणि बेंडनंतर सरळ पाइप भरपूर ठेवा, भोवरे बरेच लांबपर्यंत टिकतात, तिथेच थर्मोकपल (टेंपरेचर मोजायचा सेन्सर) लावलं तर रीडिंग फसवं येतं.