थकलेले भाडे आणि घर सोडण्याची नोटीस : या चुका टाळा

मोफत विधी साहाय्याच्या टेबलामागे बसून भाडेकरूंची कागदपत्रे लावून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. भाडे थकल्याबद्दल मी कोणालाही बोल लावत नाही. नोकरी जाते, घरात आजारपण येते आणि भाडे थकते. चीड येते ती मुदत उलटून गेल्यावर धावत येणाऱ्यांची.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पोस्टमनला दारातून परत पाठवणे. पाकीट हाती घेतले नाही तर नोटीस लागू होत नाही, असा अनेकांचा ठाम समज असतो. योग्य पत्त्यावर आलेले नोंदणीकृत पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत गेले, तर न्यायालय साधारणपणे नोटीस बजावली गेली असेच धरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १५ नुसार थकबाकीची लेखी मागणी बजावल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज मालकाला त्या कारणासाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही, समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळी थकबाकी १५ टक्के वार्षिक सरळ व्याजासह भरली, निकालापर्यंत पुढचे भाडे नियमित भरले आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीपोटी घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. पाकीट नाकारणारा माणूस हे सगळे दिवस न मोजताच घालवतो.

शिवणकाम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा एकतर्फी हुकूम होऊन गेलेला होता. शेजाऱ्याच्या सल्ल्यावरून त्यांनी आधी नोटीस नाकारली आणि मग समन्सही. दाव्याच्या फाइलमध्ये नोटिशीचे ते पाकीट न उघडलेले, तसेच टाचलेले होते. पाठीमागे पोस्टमनचा निळ्या शाईतला शेरा आणि तारीख स्पष्ट वाचता येत होती. थकबाकी होती साठ हजारांची, म्हणजे व्याज महिन्याला साडेसातशे रुपये. सोबत आलेल्या मेहुण्यांनी तारखा पाहिल्या आणि एवढेच विचारले, “भाऊजी, तेव्हाच का नाही सांगितलंत? पैसे होते माझ्याकडे.” तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, मी पाकिटावरच मिळाल्याची तारीख लाल पेनाने लिहायला लावतो आणि नव्वदावा नव्हे, साठावा दिवस शेवटचा धरतो.

दुसरी चूक मदत मागण्याच्या पद्धतीत आहे. “काहीतरी करा” असे म्हणणाऱ्याला कोणीही काही देत नाही. महिनावार थकबाकी, दिलेल्या रकमा आणि शिल्लक आकडा एका कागदावर मांडून मगच दार ठोठावावे. धर्मादाय संस्था भाड्यासाठी क्वचितच हात देतात. उपचार आणि शाळेची फी यांसाठी मात्र पुष्कळ ठिकाणी मदत मिळते. म्हणून मी लोकांना औषधांची बिले आणि फीच्या पावत्या घेऊन तिकडे पाठवतो आणि त्यामुळे वाचलेला पगार भाड्याकडे वळवायला सांगतो. कर्ज घ्यायचेच झाले तर ते कामाच्या ठिकाणच्या पतपेढीतून किंवा बचत गटातून घ्यावे. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाने थकलेले भाडे भरणे म्हणजे एका सावकाराच्या जागी दुसरा, अधिक निर्दय सावकार आणून बसवणे होय.

रोख भाडे पावतीशिवाय देऊ नये. पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. डिपॉझिटमधून भाडे वळते झाले असे मनातल्या मनात धरून चालू नये.

लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना करारावर, राहणाऱ्यांनी वरच्या ९० दिवसांवर विसंबू नये. करार संपल्यावर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जातो, तिथे बाजू मांडण्याची परवानगी समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत मागावी लागते आणि कराराच्या मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागू शकते. हातात करार असूनही तो न वाचता आलेल्या माणसाशी मी आता वाद घालत नाही, त्यालाच तो मोठ्याने वाचायला लावतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसणे हीदेखील चूकच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नमर्यादा लागू होते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

मालकाने पाणी किंवा वीज तोडली, तर भांडत न बसता भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ खाली न्यायालयात अर्ज करावा. कुलूप बदलून बाहेर काढले, तर ताबा परत मिळवण्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो आणि त्यासाठी कुलपाचा त्याच दिवशी काढलेला फोटो जपून ठेवावा.