पारवा, आभाळी की राखाडी: भिंतीचा रंग निवडताना

शेडकार्डावरच्या चार निळसर राखाडी छटा दुकानात जवळजवळ सारख्याच वाटतात. भिंतीवर मात्र एक आभाळी दिसते, दुसरी जांभळट आणि तिसरी कोऱ्या सिमेंटसारखी. फरक असतो तो झाकेचा. ती ओळखण्यासाठी प्रत्येक तुकडा पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवावा आणि त्याच पट्टीतील सर्वांत गडद छटा पाहावी, कारण फिकट छटेत दडलेला हिरवटपणा किंवा जांभळेपणा गडद छटेत उघड होतो.

परभणीच्या आमच्या घरी बैठकीसाठी मी केवळ बोटभर तुकड्यावर विसंबून रंग ठरवला आणि दोन हात बसल्यावर बैठकीची बालवाडी झाली. मोठ्या पृष्ठभागावर निळा असा चढून दिसतो. म्हणून मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी अधिक राखाडी छटा घ्यावी, असे माझे मत आहे.

उत्तरेच्या खिडकीतून वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचाच निळसर उजेड येतो. अशा खोलीत किंचित तपकिरीकडे झुकणारी छटा बरी. पश्चिमेच्या खोलीत उन्हे कलल्यावर पिवळ्या उजेडाने निळेपणा मंदावतो, तेव्हा तिथे स्पष्ट निळी झाक चालते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत आपण दुपारभर पडदे ओढून बसतो आणि तेव्हा आत येणारा उजेड पडद्याचा रंग घेऊन येतो, हे मात्र शेडकार्ड पाहताना कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

फरशीचाही विचार करावा. शहाबादी फरशी मुळातच निळसर करडी असल्याने तिच्याच तोलाची भिंत खोलीला उदास करते. भिंत तिच्याहून बरीच फिकट हवी. कोटा फरशीचा हिरवटपणा भिंतीच्या खालच्या भागावर उतरतो, तर सागवानी चौकटीशेजारी राखाडी रंग आहे त्याहून निळा भासतो.

नमुना जुन्या भिंतीवर लावू नये, कारण भोवतीचा पिवळट रंग डोळ्यांना फसवतो. दोन फूट लांब-रुंद हार्डबोर्डला पांढरा प्रायमर द्यावा, चारही कडांना दोन इंच पांढरी पट्टी सोडून इमल्शनचे दोन हात मारावेत आणि पूर्ण वाळल्यावर तो बोर्ड वेगवेगळ्या भिंतींना उभा टेकवून सकाळी, भर दुपारी पडदे ओढून आणि रात्री घरातल्याच दिव्यांखाली पाहावा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली निळसर दिसणारी छटा ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली कधी नुसती राखाडी, तर कधी हिरवट दिसते.

छटा ठरली की लागणारे सर्व डबे एकदम घ्यावेत आणि एकाच खोलीचे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच रंगाऱ्याच्या हाती द्यावेत, कारण मशिनवर मिसळलेल्या दोन डब्यांतही सूक्ष्म फरक पडू शकतो. छटेचा क्रमांक आणि बेसचे, म्हणजे ज्यात मशिन छटा मिसळते त्या मूळ रंगाचे, नाव कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावे.