इन्स्टॉल न करता लिनक्स वापरून बघा: बूटेबल पेनड्राइव्ह असा तयार करा

लिनक्स ही विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम; ती कशी आहे हे बघण्यासाठी विंडोज पुसायची गरज नसते. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की लिनक्स त्यावरूनच चालतं आणि तुम्ही स्वतः काही बदलत नाही तोवर हार्ड डिस्क आहे तशीच राहते.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून कामाच्या फाइली आधीच दुसरीकडे हलवा.

आता डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एखादा तयार प्रकार, निवडा. उबुंटू आणि फेडोरा उत्तम आहेत, पण विंडोजवरून येणाऱ्याला मी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्तीच सुचवेन, कारण तिचा मेनू लगेच ओळखीचा वाटतो. आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टिम एकाच फाइलमध्ये) अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिथे दिलेला शा-२५६ चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला अक्षर-आकड्यांचा लांब कोड, आपल्या फाइलच्या कोडशी ताडून बघा. विंडोजवर सेव्हन-झिप हा प्रोग्रॅम असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हा कोड काढता येतो. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी ती फाइल वापरू नका. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि ती गाळू नये असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि सिनॅमनच्या डाउनलोडची लिंक छेडछाड केलेल्या आयएसओकडे वळवली गेली होती. आपल्याकडची फाइल खरी की बनावट, हे तेव्हा लोकांना चेकसमवरून तपासता आलं. शिवाय डाउनलोड अर्धवट झालं असेल तर तेही इथेच लक्षात येतं.

आयएसओ नुसती कॉपी-पेस्ट करून पेनड्राइव्ह बूट होत नाही. ती खास प्रोग्रॅमने लिहावी लागते. विंडोजवर रुफस सोपा आहे, मॅक किंवा लिनक्सवर बलेना एचर वापरा. त्याआधी बाकीच्या सगळ्या यूएसबी डिस्क काढून ठेवा. रुफसमध्ये वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ दाखवा. ‘स्टार्ट’ दाबण्यापूर्वी निवडलेल्या ड्राइव्हचं नाव आणि आकार पुन्हा वाचा, कारण चुकीच्या डिस्कवर लिहिलं तर तिच्यावरचा डेटा जातो. पद्धत विचारली तर ‘आयएसओ’ ठेवा. पेनड्राइव्ह बूट झालाच नाही तर पुढच्या वेळी ‘डीडी’ घ्या. लिहून झाल्यावर विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर नाही म्हणा.

लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ती मागू शकतं. वर सांगितलेल्या तिन्ही डिस्ट्रो सिक्युअर बूटसह (फक्त खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) चालतात, त्यामुळे ते बंद करायची घाई नको.

पेनड्राइव्ह लावून विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरत ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मधून तो निवडा. तो पर्याय दिसला नाही तर संगणक सुरू होताना बूट मेनूची की दाबा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९.

डेस्कटॉप आला की वॉलपेपर बघण्यात वेळ घालवू नका, हार्डवेअर तपासा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसच्या कीज चालतात का? लॅपटॉप स्लीपमध्ये टाका आणि पुन्हा उठतो का बघा. अडचण बऱ्याचदा नेमकी इथे निघते. वेगावरून मात्र मत बनवू नका, कारण पेनड्राइव्ह एसएसडीपेक्षा खूप संथ असतो. डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल’ला सध्या हात लावू नका.

तयार केलेल्या फाइली आणि बदललेली सेटिंग्ज संगणक बंद केल्यावर राहत नाहीत. त्या टिकायला हव्या असतील तर उबुंटूसारख्या डिस्ट्रोसाठी रुफसमध्ये लिहितानाच पर्सिस्टंट पार्टिशनला (बदल साठवून ठेवणाऱ्या भागाला) जागा द्यावी लागते. बंद करताना पेनड्राइव्ह काढायची सूचना येते; तो काढून एंटर दाबा. पुढे तोच पेनड्राइव्ह साध्या कामाला हवा असेल तर रुफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून फॉरमॅट करा.