कोंबडीबंदीच्या खटल्यावर बोलायला निघण्याआधी

धुळ्याहून यंदा अभिरूप खटल्याला, म्हणजे लॉच्या विद्यार्थ्यांच्या नकली खटल्याच्या स्पर्धेला, जाणाऱ्या संघासाठी लिहितोय. विषय जागतिक व्यापार संघटनेतला (डब्ल्यूटीओ) अमेरिका विरुद्ध भारत, आयात कोंबडीवरची बंदी. कोट, टाय, ओळखपत्र हे सांगत बसत नाही, लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात.

आधी एसपीएस करार, म्हणजे माणसं, प्राणी, पिकं यांच्या आरोग्यासाठी आयातीवर घालायच्या निर्बंधांचा डब्ल्यूटीओचा करार, मुळातून वाचा. गाइड नको. चौदा कलमं आणि तीन परिशिष्टं, एका बैठकीत होतं. २.३, ३.२ आणि ५.१ खाली रेघ मारा. आणि सहावं कलम, रोगमुक्त भाग ओळखण्याचं, तिन्ही पोटकलमांसह, अख्खं. गेल्या वेळी आमचं तेच राहिलं आणि पंचांनी नेमकं तेच धरलं.

मग प्रकरणाचा सांगाडा. जुलै २०११ ची भारताची बंदीची अधिसूचना, मार्च २०१२ ला अमेरिकेची तक्रार, ऑक्टोबर २०१४ ला पॅनेलचा (पहिल्या पायरीच्या पंचांचा) अहवाल, जून २०१५ ला अपिलाचा निकाल. भारत हरला. तारखा पाठ करण्यात रात्र घालवू नका, चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा.

आता सहावं कलम. ते समजायला डब्ल्यूटीओचं जिनिव्हा लागत नाही, नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर पुरतं. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच निघाला. रोगाच्या जागेभोवती वर्तुळ आखलं, आतल्या कोंबड्या मारल्या, बाहेर देखरेख ठेवली. देशांतर्गत निर्बंध दहा किलोमीटरच्या आतबाहेर ठरतात. पण परदेशात कुठल्याही कोपऱ्यात रोग नोंदला गेला की त्या अख्ख्या देशाची कोंबडी बंद! तेही सौम्य प्रकारच्या विषाणूवरून, ज्यावर इथे धड पाळतही नव्हती. हाच २.३ खालचा भेदभाव, आणि ‘रोगमुक्त भाग’ ही कल्पनाच मान्य न करणं हा सहाव्याचा भंग. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे वर्तुळ आखताना राज्याची हद्द काय कामाची? ६.१ मध्येही ‘क्षेत्र’ देशाचा भाग असू शकतं, किंवा अनेक देशांचे भाग मिळून. हे उदाहरण मुंबईच्या संघाला सुचणार नाही, तुम्ही वापरा.

भारताची बाजू चिठ्ठीत निघाली तर एक पळवाट सुचेल: ६.३ नुसार रोगमुक्त भाग सिद्ध करण्याचं ओझं निर्यातदारावर, आणि अमेरिकेने रीतसर विचारलंच नव्हतं. मांडा, पण अपील मंडळाने ती मान्य केली नाही हे माहीत असू द्या. ६.१ आणि ६.२ ची जबाबदारी दरवेळी कुणी मागणी करण्यावर अडत नाही. हा परिच्छेद दोनदा वाचा. खरंच वाचा.

दुसरा मुद्दा ५.१ मधल्या जोखीम मूल्यमापनाचा, म्हणजे बंदीआधी धोका शास्त्रीय पद्धतीने तपासण्याचा. ‘आमची बंदी जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेबरहुकूम आहे, म्हणून वेगळं मूल्यमापन नको’ ही भारताची मांडणी होती. ती टिकली नाही, कारण संहिताच रोगमुक्त भागातून आयातीला वाट ठेवते. म्हणजे फिरून पुन्हा सहावं कलम.

धर्म, शाकाहार, भावना यातलं काहीही काढू नका. ही बंदी रोगावरून होती. सार्वजनिक नीतीचा अपवाद गॅटच्या (डब्ल्यूटीओच्या मालव्यापार कराराच्या) विसाव्या कलमात आहे, तो खटला वेगळा. आणि अमेरिकन लोक छातीचा भाग खातात म्हणून तंगड्या स्वस्तात इकडे येतील, ही पोल्ट्रीवाल्यांची भीती खरी असली तरी पंचांपुढे बोलायची नाही. व्यापार वाचवायला बंदी घातली हे स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यासारखं होतं.

जोडीला युरोपच्या हार्मोनवाल्या गोमांसाचा खटला एका पानात: १९८९ पासून बंदी, सहा हार्मोन, १९९८ ला युरोप हरला, मूल्यमापन अपुरं म्हणून. बंदी तरी उठली नाही. १९९९ ला अमेरिकेला वर्षाला ११.६८ कोटी डॉलरच्या व्यापारी प्रतिकाराची, म्हणजे युरोपच्या मालावर उलट निर्बंध लावायची, मुभा मिळाली. रशियाची डुकराच्या मांसावरची बंदी चाळा, कलम तेच, सहावं.

शेवट काय झाला, हेही विचारतात. भारताविरुद्ध अमेरिकेने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिकाराची मुभा मागितली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये तडजोड झाली, भारताने गोठवलेली टर्की, बदक वगैरेंवरचं शुल्क उतरवलं. अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, ते वेगळं.

निवेदनाच्या प्रती जास्त काढा, पानांना क्रमांक द्या, कराराची छापील प्रत न्या. मोबाईल आत नेऊ देत नाहीत. उत्तराला दोनच मिनिटं मिळतात, घड्याळ लावून सराव करा. बाकी तुमचं तुम्ही बघा.