दारू सोडायची आहे? एएच्या पहिल्या मीटिंगला कसं जावं

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं, म्हणजेच एएचं, सभासद व्हायला एकच अट असते: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, फॉर्म नाही, आडनावही सांगावं लागत नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुड्यांनी एकमेकांच्या आधाराने न पिता राहायला सुरुवात केली, त्यातून ही संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली. इतकं साधं असूनही पहिल्या मीटिंगच्या दारापर्यंत पोचणं फार अवघड जातं, म्हणून तिथवरची वाट नीट सांगतो.

आधी शरीराकडे बघा

रोज आणि भरपूर पिण्याची सवय असेल तर दारू एकदम बंद करू नका. हात थरथरणं, घाम, झोप उडणं इथपासून सुरुवात होते. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात आणि जिवावर बेतू शकतं. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा, किती पिता ते खरं सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली दारू बंद करा. मीटिंग हा औषधाला पर्याय नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुणा सभासदाने बंद करायला सांगितल्या तर ऐकू नका. सभासदांनी डॉक्टर बनू नये, असं एए स्वतःच सांगते.

ग्रुप शोधणं

एए इंडियाच्या वेबसाइटवर ग्रुपची माहिती आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसची १४४१६. पुण्याचं मुक्तांगण (स्थापना १९८६) किंवा मुंबईत सुरू झालेलं कृपा फाउंडेशन (१९८१) अशा व्यसनमुक्ती केंद्रांतही विचारता येईल, ॲडमिट व्हायचं नसलं तरी. बऱ्याच मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या वर्गात संध्याकाळी भरतात. त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

यादीवर विसंबून थेट निघू नका, आधी फोन करा. ग्रुपची जागा आणि वेळ बदलते, आणि सगळं धैर्य गोळा करून गेलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो पुन्हा जाईलच असं नाही. इमारतीत कुठल्या दाराने शिरायचं हेसुद्धा विचारा. बोलणं मराठीत होतं, हिंदीत की इंग्रजीत, हेही विचारा. मीटिंग ओपन की क्लोज्ड, तेही. ओपनला घरचं माणूस सोबत बसू शकतं, क्लोज्ड फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. बाईला जायचं असेल तर एखाद्या महिला सभासदाशी आधी बोलता येईल का, असं निःसंकोच विचारावं. बहुतेक खोल्यांत पुरुषच जास्त असतात आणि ओळखीचा एक आवाज असला की पाऊल उचलतं.

कुणी ओळखेल ही भीती खरी असते. तसं वाटत असेल तर दोन स्टेशनं पुढचा ग्रुप निवडा. तालुक्याच्या गावी ग्रुपच नसेल तर ऑनलाइन मीटिंगने सुरुवात करा, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

खोलीत काय होतं

दहा मिनिटं आधी पोचा आणि दाराशी असलेल्या माणसाला 'मी नवीन आहे' एवढंच सांगा. प्रार्थना होते, काही वाचन होतं, मग एकेक जण नुसतं पहिलं नाव सांगून 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि आपली हकिकत सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर 'आज मी ऐकतो' म्हटलेलं चालतं. पैशांची थैली फिरते, त्यात नव्या माणसाने काही टाकायलाच हवं असं नाही.

पहिल्या दिवशी मन एक खेळ करतं. कुणी नोकरी गेल्याचं सांगतो, कुणी फुटपाथवर झोपल्याचं, आणि आपण मनात म्हणतो, 'माझं एवढं कुठे झालंय?' तिथे थांबा. परिस्थितीतले फरक मोजत बसू नका. लपवलेली बाटली, सकाळची शरम, मोडलेली शपथ यातलं तुमचं काय आहे ते ऐका. देवाचं नाव खटकत असेल तरी उठून जाऊ नका. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या तिच्या कार्यक्रमात, 'आम्हाला समजलेला परमेश्वर' असे शब्द आहेत, आणि कित्येक जण ग्रुपलाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात.

मीटिंग संपल्यावर लगेच पळू नका. मला सगळ्यात मोलाची वाटतात ती ही दहा मिनिटं. दोघा-तिघांचे फोन नंबर घ्या. तलफ आली की पेला हातात घेण्याआधी फोन करायचा, नंतर नाही. रात्री उशिरा फोन करू का, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

पुढे

एका मीटिंगवरून ठरवू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. दोन-तीन ठिकाणी बसून बघा. नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करायला सांगतात. जवळ रोज मीटिंग नसेल तर मधले दिवस ऑनलाइनने भरून काढा. काही आठवड्यांनी, ज्याचं वागणं पटतं अशा जुन्या सभासदाला तुमचा स्पॉन्सर, म्हणजे या वाटेवरचा सोबती-मार्गदर्शक, होण्याविषयी विचारा. हे सगळं नुसत्या श्रद्धेवर उभं नाही. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात सत्तावीस अभ्यास तपासले गेले. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत इतर मान्य उपचारांइतके, किंबहुना काहीसे अधिक परिणामकारक ठरले.

मध्येच घेतली गेली, म्हणजे स्लिप झाली, तर लपून राहू नका, पुढच्याच मीटिंगला जा आणि सांगा. बसलेल्यांपैकी अनेकांनी ते भोगलेलं असतं.

घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे ग्रुप आहेत, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा किंवा मुलगा अजून मीटिंगला यायला तयार नसला, तरी तुम्हाला तिथे आजपासून जाता येतं. त्यासाठी त्याला विचारावं लागत नाही.